जुनी टाकी रविवारी रिकामी करू नका, ताई

आधी रविवारचा बेत रद्द करा. बाकी सगळं सावकाश करता येईल, पण टाकी उपसली तर उरलेले मासे सोमवारी सकाळी वर तरंगताना दिसतील.

वाचणाऱ्या इतरांसाठी ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी तीन फुटी टाकी, ३६ बाय १५ बाय १८ इंच, पाणवनस्पतींची, चार वर्षं छान चाललेली. मुलीच्या बाळंतपणासाठी ताई पाच महिने बाहेरगावी होत्या. मागे घरच्यांनी रोज दाणे टाकले, पाणी खाली गेलं की आरओचं ओतलं आणि लाइट सकाळी लावला तो रात्री झोपताना बंद केला. आता अनुबियासच्या पानांवर काळी दाढी, म्हणजे केसांसारखं काळं शेवाळ, आली आहे, क्रिप्टोकोरीन पानं विरघळून बसली आहे, व्हॅलिस्नेरिया वाट्टेल तिथे उगवली आहे आणि कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या डब्यातल्या) फिल्टरची धार करंगळीएवढी झाली आहे. जुने मासे मात्र ठणठणीत. म्हणून त्यांनी सहा नवे निऑन टेट्रा आणले, ते दोन दिवसांत मेले. पाणी तपासायच्या किटवर पीएच (पाण्याची आम्लता; आकडा जितका कमी तितकी ती जास्त) ६ आणि अमोनिया २ दाखवतो, नळाच्या पाण्याचा पीएच ८ आहे. दुकानदाराचा सल्ला: सगळं पाणी काढा, माती बदला, नव्याने लावा.

नवे मेले, जुने जगले, यातच निदान आहे. तुमच्या टाकीतलं पाणी खराब झालं असं म्हणण्यापेक्षा ते दुकानातल्या पाण्याहून फार वेगळं झालंय, असं म्हणा. जुने मासे त्या बदलासोबत महिनोन्‌महिने सरकत गेले. नव्यांना पिशवीतून सोडल्यावर अर्ध्या तासात तेवढं अंतर कापावं लागलं.

हे झालं कसं? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला कार्बोनेटचा साठा, म्हणजे किटवर केएच म्हणून जो आकडा येतो तो, खात जातं. आठवड्याला थोडं नळाचं पाणी बदललं की साठा भरून निघतो. तुमच्याकडे पाच महिने फक्त आरओचं पाणी पडलं, आणि त्यात केएच जवळपास नसतोच. साठा संपला, पीएच घसरला. पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. मग अमोनिया साचत जातो. किटवर २ आला तो असा.

आता नीट लक्ष द्या, कारण दुकानदाराच्या सल्ल्यातली गोम इथेच आहे. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला किती विषारी, हे पीएच ठरवतो. पीएच ६ ला त्यातला हजारात एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो, बाकी सगळा अमोनियम असतो, त्याने मासा मरत नाही. पीएच ८ झाला की तोच विषारी भाग जवळजवळ शंभर पट होतो, आणि पाणी जितकं गरम तितका आणखी वाढतो. तुम्ही अर्धी टाकी काढून ८ पीएचचं नळाचं पाणी भरलंत तर एकूण अमोनिया २ वरून १ होईल, किट फिकं दिसेल, तुम्हाला बरं वाटेल आणि कल्ल्यांची आग होऊन मासे जातील. लोक मग म्हणतात, नळाच्या पाण्यात औषध जास्त होतं. सगळंच पाणी काढलं तर अमोनिया जाईल हे खरं, पण मग पीएच आणि क्षार दोन्ही एका झटक्यात बदलतील. निऑन ज्याने मेले तोच धक्का जुन्यांना बसेल.

म्हणून पहिला आठवडा असा. दाणे दोन दिवस पूर्ण बंद, नंतर एक दिवसाआड चिमूटभर. मासे उपाशी मरत नाहीत, त्या टाकीत त्यांना खायला पुष्कळ आहे. टाकीचा हिशेब काढायचा तर इंचांतल्या लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ६१ ने भागा. तुमची भरते १५९ लिटर, माती-दगड वजा जाता पाणी सव्वाशे लिटरच्या आसपास. रोज १२ लिटर काढा आणि १२ लिटर भरा, त्यात ९ लिटर आरओचं आणि ३ लिटर नळाचं. घरी टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर टाकी आणि नवं पाणी दोन्ही मोजून लिहून ठेवा. रोज संध्याकाळी पीएच आणि अमोनिया बघा. अमोनिया १ च्या वर असताना पीएच ६.८ पार करू लागला, तर नळाचं पाणी थांबवून दोन दिवस निव्वळ आरओ वापरा. अमोनिया ०.५ च्या खाली आला की नळाचा वाटा हळूहळू वाढवत निम्म्यावर न्या. सोडा टाकून केएच वाढवता येतो, सव्वाशे लिटरला पाऊण चमचा खायच्या सोड्याने तो साधारण एक अंश चढतो. पण तुमच्या नळाच्या पाण्यात तो फुकट आहे, मग सोडा कशाला?

नळाचं पाणी त्यातला क्लोरीन घालवूनच घ्या. आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवा आणि एअर स्टोन सोडा, किंवा दुकानात मिळतो तो हायपोचा (सोडियम थायोसल्फेटचा) खडा बादलीला चिमूटभर विरघळवा. आपल्याकडे नागपुरात पेंच-कन्हान नद्यांचं पाणी शुद्ध होऊन येतं, ते टाकीला चांगलंच आहे. बोअरचं मात्र मोजल्याशिवाय नको. पश्चिम नागपूर काळ्या पाषाणावर बसलंय, तिथल्या बोअरला क्षार भरपूर असू शकतात आणि एकाच गल्लीतल्या दोन बोअरचे आकडे जुळत नाहीत.

याच आठवड्यात अमोनिया खाणारं कुणीतरी टाकीत आणा. वनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम आवडतं, आणि तुमच्याकडे नेमकं तेच साठलंय. हॉर्नवर्टचा मोठा जुडगा न लावता तसाच तरंगत सोडा, सोबत सॅल्विनिया किंवा पिस्टिया. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा मिळाली तर मूठभर खोचा. ती मूळची भारतातलीच, कशातही वाढते. या तिन्हींवर शंभर-दीडशे रुपये गेले तरी बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा ते जास्त काम करतील. फुटाळा किंवा अंबाझरी तलावातून वनस्पती उचलून आणू नका, सोबत जळवा आणि कीड येते. दुकानातली असली तरी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायची माझी पद्धत आहे. तुमच्या घाईत ती पाळता येणार नाही, तर निदान स्वच्छ पाण्यातून चार-पाचदा झटकून घ्या आणि गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट गोळे नखाने काढा.

लाइटचं सांगतो. टायमर लावा आणि सहा तासांवर आणा. तुमच्या घरी संध्याकाळी माणसं बसतात, तर ५ ते ११ ठेवा. दिवसभर टाकी अंधारात राहिली तरी झाडांचं काही बिघडत नाही आणि दुपारच्या उन्हाच्या गरमीत लाइटची गरमी मिसळत नाही. खिडकी पश्चिमेची असेल तर पडदा लावा. काळी दाढी वाढायला लाइट एकटा कारण नसतो, पण सकाळपासून रात्रीपर्यंतचा लाइट आणि दमलेली झाडं एकत्र आली की शेवाळाला मोकळं रान मिळतं.

ही काळी दाढी घासून निघत नाही, नखाने ओढली तर पान फाटतं. जी पानं निम्म्याहून जास्त भरली आहेत ती देठापासून कापा, हळहळू नका. अनुबियासचं खोड शाबूत असेल तर ते नवी पानं देतं. लाकडावर, दगडावर आणि फिल्टरच्या पाइपवर आहे तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. ३ टक्क्यांचं असेल तर तुमच्या टाकीला दिवसाला २० मिलिपेक्षा जास्त नको. फिल्टर दहा मिनिटं बंद ठेवा, सिरिंजने अगदी जवळून सोडा, मग फिल्टर चालू करा. मॉसवर टाकू नका. आणि मेडिकलमधून आणताना लेबल वाचा. आपल्याकडे '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली सर्रास मिळते, ती साधारण ६ टक्क्यांची असते. तिचं माप निम्मं, म्हणजे १० मिलि. शेवाळ दोन-तीन दिवसांत लालसर-गुलाबी झालं की मेलं समजा, मग कोळंबी आणि गोगलगायी ते साफ करतात. हे काम अमोनिया खाली आल्यावरच काढा आणि रोज टाकीचा एक कोपरा घ्या. एकदम सगळं मारलं तर तेच सडून पुन्हा अमोनिया होतो. ग्लुटरल्डिहाइडची बाटली दुकानदार पुढे करेल. त्याने दाढी जाते, पण व्हॅलिस्नेरियाही विरघळते, म्हणून तुमच्या टाकीत मी वापरणार नाही.

क्रिप्टोकोरीनची पानं विरघळली म्हणून ती मेली असं समजून उपटू नका. पाणी बदललं, लाइट बदलला, जागा बदलली की ती पानं टाकते. हा तिचा स्वभाव आहे. सडकी पानं कापा, मुळाला हात लावू नका. तीन-चार आठवड्यांत जमिनीलगत तपकिरी कोंब दिसतील. तुम्ही आत्ता पाणी बदलायला लागाल तेव्हा उरलेलीही बसेल, घाबरू नका. व्हॅलिस्नेरियाचे धावते फुटवे ओढून विरळ करा. पण ओढताना मातीचा ढग उठतो, म्हणून एका दिवसात चार-पाच रोपं, त्याहून जास्त नको. नवीन पानं वाकडी, चुरगळलेली येत असतील तर आरओमुळे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं. नळाचं पाणी निम्म्यावर आलं की हे बहुधा आपोआप सुधारतं. नाहीच सुधारलं तर पाच-सहा ग्रॅम एप्सम सॉल्ट टाका. खतं महिनाभर बंद ठेवा, नायट्रेट २० च्या खाली येईपर्यंत नायट्रोजन-फॉस्फेटची बाटली उघडायचीच नाही.

फिल्टर. तुमची सगळ्यात मोठी इच्छा तोच धुण्याची असणार, आणि धुवायचाच आहे, पण दुसऱ्या आठवड्यात. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज पिळा, तीन-चार पिळण्यांत धार मोकळी होते. सिरॅमिकच्या रिंगांना फक्त हलकं झटका. नळाखाली धरलं तर क्लोरीन जिवाणू मारतो, आणि आत्ता तुमच्याकडे तेच अर्धमेले आहेत. फिल्टर धुतला त्या आठवड्यात मातीला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट, कारण दोन्ही एकदम केल्या आणि मासे मेले तर कशाने मेले हे कळत नाही.

पीएच पावणेसातच्या वर स्थिरावला की झोपलेले जिवाणू उठतात. अमोनिया खाणारे आधी जोरात येतात, नायट्राइट खाणारे मागून. मधल्या दहा-बारा दिवसांत नायट्राइट वर चढू शकतो. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर दर १० लिटरला १ ग्रॅम खडेमीठ विरघळवून टाका. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. एवढ्याने झाडांना काही होत नाही. आयोडीनचं मीठ नको असं सगळे सांगतात. एवढ्या मात्रेत त्यानेही फारसं बिघडत नाही, पण खडेमीठ स्वस्त आहे, तेच घ्या.

माती बदलायची का? तुम्ही लिहिलंय की काडीने टोचलं तर बुडबुडे येतात आणि ओल्या मातीचा वास येतो. मग बदलू नका. सडक्या अंड्यांचा वास, काळे पट्टे आणि मुळं कुजलेली असती तर मीही वेगळं सांगितलं असतं. चार वर्षांच्या मातीतलं खत संपलेलं असतं, एवढाच तिचा दोष. मुळांजवळ खताच्या गोळ्या दाबल्या की तिचं काम भागतं. वरचा गाळ पाइपने अलगद ओढा, नळी मातीत खुपसू नका. वर थर द्यायचाच असेल तर कन्हानची बांधकामाची रेती चाळून, पाणी नितळ होईपर्यंत धुऊन चालते. आधी मूठभर रेतीवर व्हिनेगर ओता, फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती नको. संगमरवराची पांढरी चिप शोभेला टाकलेली दिसते ती मात्र काढा. तिने पाणी जड होतं आणि ती शेवाळाने हिरवीच होते.

झाडांना द्यायचं सीओ२ (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर संपलंय म्हणता, तर उन्हाळा जाईपर्यंत भरू नका. सीओ२ बनवणारी साखर-यीस्टची बाटलीही नको. आपल्या मे महिन्यात ती दुपारी उसळते आणि आठवड्यात थंड पडते, आणि सीओ२ असं खाली-वर होण्यावरच काळी दाढी पोसते असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडच्या अनुबियास, क्रिप्टो, व्हॅलिस्नेरियाला सीओ२ लागतही नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागेल, कारण तुमची टाकी बरी होत असतानाच नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, येईल. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३२ ला सव्वासातच्या जवळ. फरक थोडा वाटतो, पण गरम पाण्यात मासे आणि जिवाणू दोघांचीही भूक वाढलेली असते. फिल्टरची धार पाण्याची वरची पातळी हलवेल अशी फिरवा. झाकण काढून जाळी टाका आणि १२ व्होल्टचा छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. कोरड्या हवेत पाणी दोन-चार अंश उतरतं, आपला कूलर चालतो त्याच कारणाने. म्हणूनच जुलैत दमट हवा सुरू झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. पंख्याने पाणी भराभर उडेल. तेवढी भर आरओनेच घाला, कारण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. घरच्यांची आरओ ओतण्याची सवय वाईट नव्हती. बदलायचं पाणी आणि भर घालायचं पाणी या दोन गोष्टी आहेत, त्यातली पहिली राहून गेली.

लाइन गेली तर? फिल्टर आणि एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, दोन्ही मिळून एका जुन्या पिवळ्या बल्बइतकेही वॉट खात नाहीत. कॅनिस्टर चार-पाच तास बंद पडला असेल तर परत सुरू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून द्या. आत ऑक्सिजन संपून ते सडू लागतं, आणि चालू केल्याबरोबर तेच टाकीत येतं. बर्फाच्या बाटल्या सोडणं अगदी अडचणीतच. तापमान अर्ध्या तासात तीन अंश पडून पुन्हा चढणं माशाला सतत ३१ अंशांत राहण्यापेक्षा जड जातं.

डासांचा स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल यांचं कुणी सांगत नाही. या फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड असतात. माणसाला फारसं जाणवत नाही, मासे आणि कोळंबीला थेंबभर पुरतो, आणि एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. फवारणीच्या दिवशी टाकी प्लास्टिकने झाका, पंप बंद ठेवा, खिडक्या उघडून खोली मोकळी झाल्यावर चालू करा.

नवे मासे अमोनिया आणि नायट्राइट दोन आठवडे सलग शून्य दाखवतील तेव्हाच आणा, आणि तोवर जून उजाडला असेल तर पाऊस पडून पाणी २८ वर येईपर्यंत थांबा. निऑनला गरम पाणी मानवत नाही. आणताना पिशवीतल्या पाण्यात दर दहा मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी, असं तासभर करा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

राहता राहिला तुमचा सकर मासा. तो शेवाळ खातो म्हणून दिला जातो, पण वितभर झाल्यावर तो दाणे खातो, झाडं उपटतो आणि एकटा बाकी सगळ्यांइतकी घाण करतो. तीन फुटी टाकी त्याला पुरत नाही. पाणी स्थिर झालं की तो परत द्या, बरेच दुकानदार मोठे सकर घेतात. कुणीच घेत नसेल तर मोठी टाकी असलेला माणूस शोधा. फुटाळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. तो परदेशी मासा आहे, तळ्यात जगतो, वाढतो आणि तिथल्या माशांची जागा घेतो. छाटलेली सॅल्विनिया आणि पिस्टियासुद्धा तशीच फेकू नका, उन्हात वाळवून कुंड्यांत घाला.